विद्यार्थी सामाजिक उद्योजकता स्पर्धा

विद्यार्थी सामाजिक उद्योजकता स्पर्धा ही महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या संघांसाठी घेतली जाणारी स्पर्धा आहे. तीत आरोग्य, शिक्षण, पाणी, शेती, रोजगार यांसारख्या एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर उपाय करणारा आणि स्वतःच्या उत्पन्नावर टिकू शकणारा उद्योगाचा आराखडा सादर करावा लागतो. या दुहेरी अटीमुळे ती निव्वळ व्यवसाय-आराखड्यांच्या स्पर्धांहून वेगळी ठरते.

इतिहास

अमेरिकेतील बर्कली येथील हास व्यवस्थापन विद्यालयात १९९९ साली सुरू झालेली ग्लोबल सोशल व्हेंचर कॉम्पिटिशन ही या प्रकारातील आरंभीच्या स्पर्धांपैकी एक होय. २००९ साली अहमद अश्कर यांच्या कल्पनेतून हल्ट प्राइझ ही स्पर्धा उभी राहिली. तिच्या विजेत्या संघास १० लाख अमेरिकी डॉलरचे बीजभांडवल दिले जाते. भारतात टाटा समूह व कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था यांनी २०१२ साली नवोदित सामाजिक उद्योगांसाठी टाटा सोशल एंटरप्राइझ चॅलेंज सुरू केली.

२०१४ सालच्या हल्ट प्राइझचा विषय शहरी झोपडपट्ट्यांतील दीर्घकालीन आजार हा होता. त्या वर्षी हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा ‘नॅनोहेल्थ’ हा संघ विजयी झाला. वस्तीतीलच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन, तपासणीची साधने सोबत घेऊन त्यांनी घरोघरी मधुमेह व रक्तदाबाची तपासणी करावी, अशी त्याची योजना होती.

प्रवेशप्रक्रिया

बहुतेक स्पर्धांत लहान संघाने नोंदणी करावी लागते. आराखड्याचा सारांश, महाविद्यालयीन किंवा विभागीय फेरी, मार्गदर्शन शिबिर आणि परीक्षकांपुढील अंतिम सादरीकरण असे सर्वसाधारण टप्पे असतात. लाभार्थी कोण, पैसे कोण देणार, एका लाभार्थ्यामागे खर्च किती आणि परिणाम कसा मोजणार, हे प्रश्न परीक्षणात महत्त्वाचे ठरतात. उद्योगाचे कायदेशीर रूपही ठरवावे लागते. सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा कंपनी कायदा, २०१३ मधील कलम ८ खालील ना-नफा कंपनी हे त्याचे काही पर्याय आहेत.

धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचा समावेश २०१८ साली केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात झाला. जिल्ह्यात तुळजापूर येथे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, तर धाराशिव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने येथील ग्रामीण महिलांसोबत पुनर्वसनाचे काम केले. पुढे तिने शेती व लघुउद्योगांवर भर दिला.

प्रश्नाची निवड किती गुंतागुंतीची असते, हे वाशी तालुक्यातील तेरखेडा या गावाच्या उदाहरणावरून दिसते. फटाकेनिर्मितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात तोच व्यवसाय रोजगार देतो आणि स्फोटाचा धोकाही निर्माण करतो. अशा ठिकाणी कामगारांची सुरक्षितता, स्फोटके नियम, २००८ मधील परवान्याच्या अटी आणि हंगामाबाहेरचे उत्पन्न यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

मर्यादा

काही मिनिटांच्या सादरीकरणात भाषाकौशल्याला अवाजवी महत्त्व मिळते. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयांतील संघ मागे पडू शकतात. पदवी पूर्ण होताच संघ विखुरल्यास ज्यांच्यासाठी उद्योग आखला त्या वस्तीला सेवा मिळणेही थांबते. त्यामुळे आराखडा तयार करण्याच्या टप्प्यापासूनच स्थानिक लोकांना भागीदार करून घेणे महत्त्वाचे मानले जाते.