दुचाकीत पेट्रोल भरणे : पंपावरील सुरक्षा

दुचाकीत पेट्रोल भरणे (पंपावरील सुरक्षा) : पेट्रोल पंपावर मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेडच्या टाकीत इंधन भरताना आग, सांडलवंड व इजा टाळण्यासाठी चालक, सहप्रवासी आणि कर्मचारी यांनी पाळायचे नियम. भारतात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार किरकोळ विक्रीतले सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींच्या टाक्यांत जात होते. मोटारींचा वाटा सुमारे ३४ टक्के होता. पंपाचे मोठे गिऱ्हाईक दुचाकीस्वार असला, तरी नोझलची घडण आणि सुरक्षेचे बरेचसे संकेत चारचाकी वाहन डोळ्यांपुढे ठेवून ठरलेले आहेत. दुचाकीच्या बाबतीत धोका कुठे वाढतो, हे त्यामुळे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

पेट्रोलचे गुणधर्म : पेट्रोल स्वतः द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. म्हणून महाराष्ट्रातल्या कोणत्याही ऋतूत उघड्या टाकीच्या तोंडाशी ती असतेच. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की एका ठिणगीने भडका उडतो. वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर न जाता खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. टाकीत ५ लिटर पेट्रोल गेले की तेवढीच, म्हणजे ५ लिटर, वाफमिश्रित हवा तोंडातून बाहेर ढकलली जाते. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही. बाहेर हवेत मिसळून विरळ होताना मात्र ती ज्वलनशील टप्प्यातून जाते. धोक्याची जागा म्हणजे टाकीचे तोंड आणि त्याखालचा भाग.

पेट्रोलच्या वाफेत बेंझीन असते. बीएस-६ मानकानुसार पेट्रोलमधील बेंझीनचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा अधिक असू नये. बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यामुळे टाकीत वाकून पातळी पाहण्याची सवय आगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वाईटच.

दुचाकीचे वेगळेपण : मोटारीत टाकी मागच्या बाजूला, इंजिन बहुधा पुढे आणि प्रवासी बंद खोक्यात असतात. मोटारसायकलीत टाकी थेट इंजिनाच्या वर असते, सायलेन्सरचा तापलेला नळ तिच्याखालून जातो, बॅटरी व वायरिंग वीतभर अंतरावर असते आणि चालक टाकीला मांड्या लावून बसलेला असतो. इंधन, उष्णता, ठिणगी आणि माणूस हे चारही हाताच्या अंतरात येतात. सांडलेले पेट्रोल मोटारीच्या पत्र्यावरून जमिनीवर ओघळते. मोटारसायकलीत ते इंजिनाच्या तापलेल्या धातूच्या पात्यांवर आणि चालकाच्या पँटवर पडते.

स्कूटरमध्ये टाकी बहुधा सीटखाली असते. सीट उघडूनच पेट्रोल भरायचे असल्याने चालकाला खाली उतरावेच लागते, आणि ही रचना नकळत सुरक्षेच्या पथ्यावर पडते. अलीकडच्या अनेक स्कूटरना टाकीचे तोंड मागे, बाहेरच्या बाजूला दिलेले आहे; टीव्हीएस ज्युपिटर १२५ मध्ये ते पुढच्या भागात आहे. सीट उघडण्याचा त्रास वाचला, पण बसल्या जागी पेट्रोल भरून घेण्याची मुभाही त्यासोबत आली.

कायदा व नियंत्रण : भारतात पेट्रोलची साठवण व विक्री पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांनुसार चालते. २३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी प्रज्वलनांक (वाफ पेट घेऊ शकेल असे किमान तापमान) असलेले पेट्रोलियम ‘अ’ वर्गात, म्हणजे सर्वांत धोकादायक गटात येते. पेट्रोल त्याच वर्गातले. परवाने देणारी व तपासणी करणारी यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच ‘पेसो’. तिचे मुख्यालय नागपुरात आहे. इंजिन बंद केल्याशिवाय वाहनात इंधन भरू नये, आवारात धूम्रपान व उघडी ज्योत नसावी आणि अग्निशमनाची साधने हाताशी असावीत, या पंपांवरील मूलभूत अटी आहेत.

चालकाने पाळायचे नियम : (१) पंपाजवळ येतानाच सिगारेट, विडी विझवलेली असावी. (२) रांगेत असतानाच इंजिन बंद करून गाडी ढकलत पुढे न्यावी. दुचाकींच्या रांगेत गाड्या एकमेकींना चिकटून असतात. पुढच्याची टाकी उघडी असताना मागच्याचे इंजिन सुरू असणे हा दोघांनाही धोका असतो. (३) किल्ली फिरवून विद्युतप्रवाह पूर्ण बंद करावा. थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेच्या गाड्या शांत असल्या तरी चालूच असतात. क्लच दाबला किंवा मूठ पिळली की त्या सुरू होतात. (४) चालकासह सर्वांनी खाली उतरावे. पुढे टाकीवर बसवलेल्या लहान मुलाला सर्वांत आधी उतरवून बाजूला न्यावे. (५) शक्य असल्यास गाडी डबल स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर गाडी कलते, पातळीचा अंदाज चुकतो आणि पेट्रोल तोंडाशी लवकर येते. (६) झाकण घट्ट बसल्यावरच गाडी सुरू करावी. पेट्रोल सांडले असेल तर पुसून, वाफ उडून जाईपर्यंत थांबावे किंवा गाडी ढकलत दूर नेऊन मग सुरू करावी.

यांतला सर्वाधिक मोडला जाणारा नियम चौथा. मीटरवरचा आकडा शून्य आहे हे दाखवण्यासाठी कर्मचारी ‘झिरो बघा’ म्हणतो. चालक बसल्या बसल्या मान वळवून मीटरकडे पाहतो आणि त्याच वेळी दोन मांड्यांच्या मधोमध उघड्या टाकीत नोझल शिरते. अशा वेळी भडका उडाला तर पाय टाकून उतरायलाही वाव नसतो, आणि घाईत उतरणारा चालक पेटती गाडी स्वतःच्या किंवा शेजारच्याच्या अंगावर पाडतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला एक पाऊल मागे सरकणे पुरते. मीटरही उभ्यानेच नीट दिसतो.

टाकी किती भरावी : पंपाच्या नोझलमध्ये पातळी तोंडाशी आली की प्रवाह आपोआप थांबवणारी योजना असते. मोटारीच्या लांब नळीत नोझल पूर्ण आत जात असल्याने ती नीट चालते. मोटारसायकलच्या उथळ टाकीत कर्मचारी नोझल अर्धवट आत ठेवतो किंवा तोंडाच्या वर धरून पातळी डोळ्यांनी पाहतो. मग ही योजना निरुपयोगी ठरते. नोझलचे धातूचे टोक टाकीच्या कडेला टेकलेले असावे, म्हणजे दोघांमधला विद्युतभार समान राहतो, आणि दट्ट्या हळू दाबावा.

पेट्रोल तापमानानुसार प्रसरण पावते. भूमिगत टाकीतले थंड पेट्रोल उन्हात उभ्या गाडीत २० अंशांनी तापले, तर १० लिटरमागे सुमारे १९० मिलिलिटर वाढते. ही वाढ सामावण्यासाठी टाकीत मोकळी जागा सोडलेली असते. ‘टाकी फुल’ याचा अर्थ उत्पादकाने आखून दिलेल्या पातळीपर्यंत, काठोकाठ नव्हे. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, हा दरवर्षी फिरणारा संदेश खरा नाही. इंडियन ऑइलनेही त्याचे खंडन केले आहे. मात्र गाडी हलवून हवा काढत, आणखी थोडे बसवत तोंडापर्यंत भरले, तर पेट्रोल झिरपते आणि वाफ शोषणारा कोळशाचा डबा असलेल्या नव्या गाड्यांत ते त्या डब्यात शिरून बिघाड करते.

शेवटचा थेंब आपल्या टाकीत पडावा म्हणून नोझल झटकून घेण्याचा आग्रहही निरर्थक आहे. मोजमाप यंत्राच्या पोटात होते आणि पाइप प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी भरलेलाच असतो. आधीच्या माणसाने सोडलेले पेट्रोल तुम्हाला मिळते आणि तुमचे पुढच्याला. झटकताना उडालेले थेंब मात्र तापलेल्या इंजिनावर पडतात. मापाबद्दल शंका असल्यास पंपावरील ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्यात कमाल २५ मिलिलिटरची तफावत ग्राह्य धरली जाते.

स्थिर विद्युत व मोबाइल : सीटवरून घसरत उतरताना, विशेषतः नायलॉनचे जॅकेट किंवा रेनकोट घातलेला असताना, शरीरावर विद्युतभार साचतो. दमट कोकणात तो लवकर ओसरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत जास्त वेळ टिकतो. झाकण उघडण्याआधी टाकीपासून दूर, हँडल किंवा स्टँडच्या उघड्या धातूला हात लावला की हा भार निघून जातो. टाकीवर घातलेली रेक्झिनची आवरणे सांडलेले पेट्रोल धरून ठेवतात. भरताना तोंडाभोवतीचा भाग तरी मोकळा असावा.

मोबाइलबद्दलची मनाई पंपावरच्या फलकांत सर्वांत ठळक असते. अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरील आगींच्या गोळा केलेल्या अहवालांत मोबाइलमुळे लागलेली एकही आग सिद्ध झालेली आढळली नाही. बऱ्याच आगींमागे स्थिर विद्युत होती. तरीही मनाईला आधार आहे. साधा फोन ज्वलनशील वाफेत वापरण्यासाठी बनवलेला नसतो, तो पडून फुटू शकतो, आणि मुख्य म्हणजे चालकाचे लक्ष उडते. यूपीआय आल्यापासून ‘मोबाइल वापरू नका’ या फलकाशेजारीच क्यूआर कोड लटकलेला दिसतो. यातून निघणारा व्यवहार्य मार्ग असा, की टाकी बंद झाल्यावर, यंत्रापासून बाजूला होऊन पैसे द्यावेत.

सुटे पेट्रोल : गाडी वाटेत बंद पडली की पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागण्याची पद्धत दुचाकीस्वारांत सर्रास आहे. प्लॅस्टिक विजेचे दुर्वाहक असल्याने बाटलीवरचा भार जमिनीत जात नाही, शिवाय पेट्रोलच्या वाफेने बाटली फुगते व झाकण सैल होते. अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे पेट्रोलियम ३० लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे, काचेचे वा चिनीमातीचे भांडे १ लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे, अशी अट आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीचा त्यात उल्लेख नाही. धातूचा डबा भरतानाही तो जमिनीवर ठेवूनच भरावा. दुसऱ्याच्या गाडीतून नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणे हा तर जिवाशी खेळ आहे. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तरी गंभीर दाह होतो. असे झाल्यास उलटी करवू नये, थेट दवाखाना गाठावा.

पावसाळा : २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. मग गाडी धक्के खाते. पावसात भरताना गाडी छताखाली पूर्ण आत घ्यावी, झाकणाच्या खळग्यातले पाणी आधी पुसावे आणि रेनकोटची बाही टाकीवर निथळू देऊ नये.

हेल्मेट : हेल्मेटबाबत पंपांचे नियम देशागणिक उलटे आहेत. ब्रिटन व ऑस्ट्रेलियात गिऱ्हाईक स्वतः पेट्रोल भरून नंतर पैसे देते; न देता पळणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्यात यावा म्हणून अनेक पंपांवर दुचाकीस्वाराला हेल्मेट काढायला सांगतात. भारतात कर्मचारी पेट्रोल भरतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. इथे उलट हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाकारण्याचे प्रयोग झाले. कोलकात्यात जुलै २०१६ मध्ये अशी मोहीम सुरू झाली. त्याच महिन्यात महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी राज्यभर तसाच निर्णय जाहीर केला, पण पंपचालकांच्या विरोधानंतर तो मागे घेतला गेला. नाशिकमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी हा नियम लागू केला होता. या मोहिमांचा हेतू रस्त्यावरचे मृत्यू टाळणे हा आहे. पंपावरील आगीशी त्यांचा संबंध नाही.

आग लागल्यास : टाकीच्या तोंडाशी ज्योत दिसताच नोझल ओढून बाहेर काढणे ही सर्वांत घातक चूक होय. ओढलेल्या नोझलमधून पेटते पेट्रोल माणसांवर आणि शेजारच्या गाड्यांवर उडते. दट्ट्या सोडून प्रवाह थांबवावा, नोझल आहे तिथेच राहू द्यावे, मागे हटून ओरडावे आणि कर्मचाऱ्यांना पंपाचा वीजपुरवठा तोडू द्यावा. आग विझवण्यासाठी कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक आणि वाळू वापरतात. पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. पेटती गाडी ढकलत नेण्याचा प्रयत्न करू नये. कपड्यांनी पेट घेतल्यास न पळता जमिनीवर लोळावे. पेट्रोलने भिजलेले कपडे आग लागली नसली तरी लगेच, ज्योतीपासून दूर जाऊन बदलावेत आणि त्वचा साबण-पाण्याने धुवावी.

पंपांवरील उपकरणे गेल्या काही दशकांत बरीच सुधारली आहेत, पण दुचाकीच्या टाकीशी येऊन ती सारी कर्मचाऱ्याच्या हातावर आणि चालकाच्या वागण्यावर विसंबतात. किल्ली बंद करणे, सर्वांनी खाली उतरणे, टाकी खुणेपर्यंतच भरणे आणि झाकण लागल्यावरच गाडी सुरू करणे यांना पैसा लागत नाही, वेळही अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. यांतला एकच नियम पाळायचा झाला, तर दुचाकीस्वाराने खाली उतरण्याचा पाळावा.