लिनक्स सिस्टिम कंटेनर : उभारणी, व्यवस्थापन आणि मर्यादा

यजमान संगणकाच्याच कर्नलवर चालणारी, परंतु स्वतःच्या फाइली, वापरकर्ते, सेवा आणि नेटवर्क पत्ता असलेली विलग प्रणाली म्हणजे सिस्टिम कंटेनर. आभासी यंत्राला स्वतंत्र कर्नल असतो. कंटेनरला तो नसल्याने तो काही सेकंदांत सुरू होतो आणि त्याला मेमरीही कमी लागते. डॉकरचा कंटेनर सहसा एकाच ॲप्लिकेशनसाठी असतो. सिस्टिम कंटेनरमध्ये मात्र नेहमीच्या सर्व्हरप्रमाणे अनेक सेवा एकत्र चालतात.

पार्श्वभूमी

या रचनेचा पाया कर्नलमधील दोन सुविधांवर आहे. प्रक्रियेला काय दिसावे, हे नेमस्पेस ठरवतात. तिला किती साधने मिळावीत, हे सीग्रुप ठरवतात. या सुविधा वापरणाऱ्या एलएक्ससीची १.० आवृत्ती २०१४ मध्ये आली आणि त्याच वर्षी कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी जाहीर केले. २०२३ मध्ये कंपनीने हा प्रकल्प थेट स्वतःच्या अखत्यारीत घेतला, तेव्हा त्यातून इन्कस ही स्वतंत्र शाखा निघाली. इन्कसची दीर्घ मुदतीची ६.० आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

उभारणी

पुढील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. इन्कस बसवल्यानंतर ‘इन्कस ॲडमिन इनिट’ ही आज्ञा साठवण आणि नेटवर्क यांविषयी प्रश्न विचारते. ‘इन्कस लाँच इमेजेस:डेबियन/१२ वेब१’ या आज्ञेने ‘वेब१’ नावाचा कंटेनर तयार होऊन सुरू होतो. ‘इन्कस लिस्ट’ सर्व कंटेनरांची स्थिती दाखवते, तर ‘इन्कस एक्झेक वेब१ -- बॅश’ आत प्रवेश देते. ‘इन्कस कॉन्फिग सेट वेब१ लिमिट्स.मेमरी=२जीआयबी’ असे लिहिल्यास मेमरीवर मर्यादा येते. ती न घातल्यास एकच कंटेनर यजमानाची सारी मेमरी व्यापू शकतो.

अधिकार

मूळ मांडणीत कंटेनरमधील रूट वापरकर्ता यजमानावर अधिकारहीन क्रमांकाशी जोडलेला असतो. ‘सिक्युरिटी.प्रिव्हिलेज्ड’ ही सेटिंग चालू केल्यास हे संरक्षण नाहीसे होते. अडलेले काम पुढे रेटण्यासाठी ती चालू करणे धोक्याचे आहे. ‘इन्कस-ॲडमिन’ गटाचे सदस्यत्व तर यजमानावर रूट अधिकार देण्यासारखेच असल्याने ते मोजक्या लोकांपुरतेच ठेवावे. कर्नल सामायिक असल्यामुळे त्यातील गंभीर दोष सर्वच कंटेनरांना भोवू शकतो. म्हणून अविश्वासू कोड चालवायचा असल्यास ‘लाँच’ आज्ञेला ‘--व्हीएम’ जोडून आभासी यंत्र निर्माण करणे अधिक सुरक्षित ठरते.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे

‘इन्कस स्नॅपशॉट क्रिएट वेब१ अद्ययावतपूर्व’ या धर्तीची आज्ञा कंटेनरची त्या क्षणीची अवस्था जतन करते आणि ‘रिस्टोअर’ ती परत आणते. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वी हा उत्तम उपाय आहे. मात्र स्नॅपशॉट कंटेनरच्याच साठवणीत राहतो; डिस्क निकामी झाल्यास दोन्ही एकदमच जातात. शिवाय ‘इन्कस डिलीट’ ही आज्ञा थांबवलेला कंटेनर त्याच्या स्नॅपशॉटांसह, पुन्हा न विचारता, पुसून टाकते. खरी प्रत हवी असल्यास ‘इन्कस एक्सपोर्ट’ने फाइल तयार करून ती दुसऱ्या संगणकावर हलवावी आणि ‘इन्कस इम्पोर्ट’ने तेथे कंटेनर प्रत्यक्ष सुरू होतो का, हे वेळोवेळी पडताळावे.