गणिताच्या तासाला मुलं बोलू लागली तेव्हा

मंडळी, दिवेलागणीची वेळ डोळ्यांपुढे आणा. तुळशीपाशी दिवा लागला आहे, गुरं गोठ्यात आली आहेत आणि ओसरीवर घरातली चार-सहा मुलं मांडी घालून बसली आहेत. परवचा सुरू होतो. आधी बे-तीनचे पाढे, मग पुढे चढत चढत तिसापर्यंत. ते संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना अर्थातच सांगायला नको.

या परवच्याला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर असा हिशेब ज्या बाजारात चालत होता, तिथे औटकी पाठ असलेल्या पोराला वाण्याकडून फसायची भीती नव्हती. साडेतीन आणे शेराने सात शेर गूळ घेतला, तर औटकीच्या सातव्या पायरीवर साडेचोवीस तोंडात तयारच. म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. कागद नको, पेन्सिल नको. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि औटकीचं काम हळूहळू संपलं. तिचं काम होतं तोवर तिने ते चोख केलं.

पण परवच्यात एक खोट होती, आणि ती आपल्या शाळेत अजून घर करून आहे. परवच्यात मूल म्हणतं, बोलत नाही. दहा आवाजांत अकरावा आवाज चुकला तरी कोणाच्या कानाला खटकत नाही. कच्चं मूल त्या कोलाहलात सुखरूप लपतं आणि कच्चंच राहतं. शिवाय ‘असं का?’ हा प्रश्न परवच्यात कुठे विचारायचा? तालाला तिथे जागा आहे, शंकेला नाही.

ही नुसती आपलीच गोष्ट आहे असं समजू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोर इथे अनाथ मुलांच्या एका शाळेचा कारभार अँड्र्यू बेल नावाच्या पाद्रीसाहेबांकडे होता. आपल्याकडच्या एका गावठी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती युक्ती उचलली. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचं, हीही रीत त्यांनी बसवली. १७९७ साली त्यांनी लंडनला यावर पुस्तक छापलं आणि इंग्लंडात या पद्धतीचा बराच गाजावाजा झाला. थोडक्या खर्चात शेकडो मुलं शिकतात म्हटल्यावर कोणाला नको असतं? मोठ्याने म्हणायचं, धाकट्यांनी मागून म्हणायचं. मुलं एकमेकांना शिकवू लागली ही मोठीच गोष्ट. पण जे शिकवायचं ते पुन्हा पाठच.

आता मी माझी एक चूक सांगतो. मी नवा मास्तर होतो. पाचवीचा वर्ग, अपूर्णांकांचा धडा. मी विचारलं, “एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?” सगळी मुलं एकसुरात ओरडली, “अष्टमांश!” आठ मोठे, चार लहान, त्यांचं त्यांच्या परीने बरोबरच. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, “गुरुजी, भाकरीला आठ वाटेकरी झाले तर तुकडा ल्हानच यील की.” मंडळी, अख्ख्या तासाचा धडा त्या एका वाक्यात होता. आणि मी काय केलं? “भाकरीचं राहू दे, नियम सांग,” म्हणालो. नियम तिला येत नव्हता. ती खाली बसली. पुढे वर्षभर गणिताच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही, आणि सहावीत ती शाळेत आलीच नाही. शाळा सुटण्याला कारणं अनेक असतात, घरची असतात, शेतीची असतात. पण त्यातलं एक मी होतो का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

म्हणूनच पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या एका शिक्षणाधिकाऱ्याची हकिकत वाचनात आली, तेव्हा मी ती दोनदा वाचली. गाव मँचेस्टर, इंग्लंडातलं नव्हे, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं. कापडगिरण्यांचं गाव. तिथल्या शाळांचे प्रमुख होते एल. पी. बेनेझेट. एकदा ते आठवीच्या वर्गात गेले आणि मुलांना एक साधी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावली: दोन अपूर्णांकांचे अंश सारखे असतील, तर ज्याचा छेद लहान तो अपूर्णांक मोठा. म्हणजे आमचीच भाकरी आणि आमचेच वाटेकरी! आठ वर्षं गणित केलेल्या त्या मुलांना एक धड वाक्य बोलता येईना. शब्द सगळे होते, अंश होता, छेद होता, लहान-मोठं होतं; पण कोणाचा कोणाशी मेळ नव्हता.

बेनेझेट यांनी १९२९च्या शरदात एक धाडस केलं. काही वर्गांतून त्यांनी पाढे, बेरजा, वजाबाक्या, गुणाकार असं रीतसर गणित पार काढून टाकलं. सातवीच्या आधी ते नकोच, असा त्यांचा विचार होता. प्रयोगासाठी त्यांनी पाच वर्ग निवडले. तीन तिसरीचे, एक तिसरी-चौथीचा मिळून, एक पाचवीचा. मग त्या तासाला करायचं काय? तर मुलांनी बोलायचं. वाचलेली गोष्ट सांगायची, पाहिलेलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकून ‘मला हे पटत नाही, कारण…’ असं म्हणायचं. आकडे अगदीच हद्दपार नव्हते बरं का. पुस्तकातलं पान काढायला आकडा लागे, घड्याळ वाचायला लागे, नाणी मोजायला लागे. खोली किती लांब असेल, झाड किती उंच असेल, याचा अंदाज आधी सांगायचा आणि मग मोजून पाहायचं. अंदाज चुकला तर हशा होई, मार मिळत नसे.

इथे एक गोष्ट मला खटकते, ती लपवीत नाही. त्यांनी शाळा निवडल्या त्या गरीब वस्तीतल्या. बहुतेक शाळा अशा भागातल्या होत्या, जिथे दहांत एकाही आईबापाची मातृभाषा इंग्रजी नव्हती. घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या, कोणी हरकत घेतली नाही. आणि कोणी घेणार नाही याची आपल्याला जवळजवळ खात्रीच होती, शिकल्यासवरल्या लोकांच्या वस्तीत गेलो असतो तर वादळ उठलं असतं, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहून टाकलं. ज्यांना विरोध करता येत नाही त्यांच्या पोरांवर प्रयोग करायचा, ही रीत मला पसंत नाही. पण त्याच निवडीमुळे एक वेगळंच फळ हाती आलं. घरची बोली वेगळी असलेली ती मुलं शाळेच्या भाषेत मोकळेपणी बोलू लागली. आपल्याकडे कोरकू, गोंडी, पावरी, भिली बोलणाऱ्या घरांतून मुलं शाळेत येतात. ती गणितात गप्प बसतात तेव्हा त्यांना गणित येत नाही की गणिताची मराठी येत नाही, हे आपण पाहतो का?

असो. बेनेझेट यांनी दोन्ही प्रकारच्या वर्गांत फिरून एकच प्रश्न विचारला. फळ्यावर चित्र काढलं आणि म्हणाले: एक लाकडी खांब तळ्यात रोवला आहे. अर्धा खांब चिखलात आहे. उरलेल्याचे दोन तृतीयांश पाण्यात आहेत. आणि एक फूट पाण्याच्या वर दिसतो आहे. खांब किती लांब?

ज्या वर्गात नेमाने गणित घोटून घेतलं होतं, तिथे काय झालं पाहा. एक म्हणे अर्ध्याला दोन तृतीयांशाने गुणा आणि एक फूट मिळवा. दुसरा म्हणे तिन्हींची बेरीज करा. तिसरा बेरजेचाच क्रम बदलू पाहतो. एकाने तर आकड्यांची अशी काही उतरंड रचली की खांब तेरा फुटांवर जाऊन पोचला. खांबाकडे कोणी पाहतच नव्हतं. सगळे आकड्यांकडे पाहत होते. आकडे दिसले की त्यांचं काहीतरी करायचं, एवढंच ते शिकले होते.

बोलणाऱ्या वर्गात मुलांनी आधी चित्राकडे पाहिलं. चिखलात किती फूट आणि पाण्यात किती फूट, हे कळायला हवं, असं ती म्हणाली. मग विचार पुढे सरकला तो असा: चिखलाच्या वरचा जो भाग आहे त्याचे दोन तृतीयांश पाण्यात, तर राहिलेला एक तृतीयांश हवेत. हवेत तर एक फूट आहे. म्हणजे पाण्यात दोन फूट. दोन आणि एक तीन. हा अर्धा खांब, तेव्हा चिखलातही तीनच. खांब सहा फूट! यात अपूर्णांकांचा गुणाकार कुठे आला? कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, गोष्ट छान आहे, पण परीक्षेचं काय? तेही झालं. बोस्टन विद्यापीठाकडून सहावीच्या सुमारे दोनशे मुलांच्या चाचण्या वर्षभर घेतल्या गेल्या. वर्षाच्या आरंभी जुन्या पद्धतीची मुलं आकडेमोडीत खूप पुढे होती. ती असणारच, कारण दुसऱ्यांनी आकडेमोड केलीच नव्हती. मग या मुलांना रीतसर गणित शिकवायला सुरुवात झाली. एप्रिलच्या मध्याला सगळे वर्ग जवळपास बरोबरीला आले आणि जूनच्या चाचणीत गावात पहिला आला तो प्रयोगातलाच एक वर्ग. बेनेझेट यांनी ही सारी हकिकत १९३५-३६मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकसंघटनेच्या मासिकात तीन लेखांत छापली. पुढे त्यांचा प्रयोग देशभर पसरला नाही. सातवीपर्यंत पाढेच नकोत हे म्हणणं मलाही पेलवत नाही. पाढे पाठ असलेलं पोर डोकं मोकळं ठेवून विचार करतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पाढ्याच्या आधी आणि पाढ्याच्या नंतर बोलणं हवं, हे त्या खांबाने मला पटवलं.

बोलायला विषय तरी कोणते, असं शिक्षक मला विचारतात. अहो, आपल्या मराठी संख्यांची नावंच घ्या की! आपण ‘तेवीस’ म्हणतो, म्हणजे आधी तीन आणि मग वीस. पण लिहिताना आधी दोन, मग तीन. ‘एकोणतीस’ म्हणताना तर तिसाचं नाव घेतो आणि लिहितो विसातलं काही. मूल ३२ आणि २३ची अदलाबदल करतं ते ढ म्हणून नव्हे. ते ऐकलं तसं लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असंही म्हणायला सुचवलं, तेव्हा वर्तमानपत्रांत आणि थेट विधानसभेत केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून दुसरी वाट दिली आहे. वाद मोठ्यांनी घातला. खरं तर तो दुसरीच्या वर्गात मुलांपुढे ठेवण्याजोगा प्रश्न होता: बाळांनो, आपण असं उलटं का बोलत असू? तुमच्या घरच्या बोलीत कसं म्हणतात?

आणि हे काही परदेशातून आणायला नको. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातला गणिताचा भाग म्हणजे लीलावती. तिच्यात नियम आहेतच, पण पानोपानी प्रश्न आहेत, आणि ते कोणाला तरी उद्देशून विचारलेले आहेत; कधी एका मुलीला, कधी मित्राला, कधी व्यापाऱ्याला. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. त्या मठात प्रश्न नुसते घोकले जात की त्यांवर वादही होई, हे दगडावर लिहिलेलं नाही. पण असे प्रश्न समोर असताना गप्प बसणं कठीणच.

जाता जाता एक प्रश्न तुमच्या वर्गासाठी देतो. तो माझा नाही, आपल्या जुन्या संस्कृत गणितातला आहे, आणि तोही खांबाचाच! एका खांबाचा अर्धा भाग पाण्यात आहे, बारावा हिस्सा चिखलात आणि सहावा हिस्सा वाळूत रुतला आहे. वर दीड हात दिसतो. खांब किती हात? मुलांना चार-चारच्या टोळीत बसवा, चित्र काढू द्या, भांडू द्या. चुकीची उत्तरंही फळ्यावर लिहा आणि ज्याचं त्याला समजावून सांगू द्या. उत्तर मी मुद्दामच सांगत नाही. ते निघालं, की मँचेस्टरच्या खांबाशी ताडून पाहा.