पैनगंगेचे जंगल आणि मराठवाड्याचे पाणी

मराठवाडा म्हटले की दुष्काळ आठवतो. जंगल सहसा आठवत नाही. लातूर तर राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर तालुक्यांतील सागवानी डोंगर हा मात्र ठळक अपवाद होय. तेथील वनाचा काही भाग पैनगंगा अभयारण्यात मोडतो. यवतमाळ व नांदेड या जिल्ह्यांत हे अभयारण्य पसरलेले आहे.

नदीचा मार्ग
बुलडाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा बराच अंतर विदर्भ-मराठवाड्याची सीमा आखत वाहते. इसापूर येथील धरणाचे पाणी यवतमाळ, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला मिळते. सहस्रकुंडाचा धबधबा याच नदीवर आहे. पुढे ती वर्धा नदीला मिळते आणि तिचे पाणी प्राणहितेमार्गे गोदावरीत जाते. उतारावरील झाडे व पालापाचोळा पावसाचा मारा झेलतात. त्यामुळे पाणी जमिनीत मुरते, माती टिकते व धरणात गाळ कमी येतो.

टिपेश्वर अभयारण्यातील रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये पैनगंगेच्या जंगलातून वाट काढत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वनांचे तुटक पट्टेही एकमेकांशी कसे जोडलेले असतात, हे त्या प्रवासाने दाखवून दिले.

कायद्याचे संरक्षण
अमेरिकेने १९६४ मध्ये निर्जन वनप्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा केला. भारतात असा वेगळा वर्ग नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान घोषित होते. कलम १८ अन्वये शासन प्राथमिक अधिसूचना काढते, त्यानंतर जिल्हाधिकारी स्थानिकांच्या हक्कांची चौकशी करतात आणि कलम २६-अ अन्वये अंतिम घोषणा होते. राष्ट्रीय उद्यानात गुरेचराईला बंदी असते. अभयारण्यात ती नियमांच्या अधीन राहून चालू शकते.

कलम २९ पाण्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. अभयारण्यात येणारा वा तेथून बाहेर जाणारा जलप्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याविना वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही.

माणसांचे हक्क
किनवट परिसरात गोंड, कोलाम, आंध व बंजारा समाजाची वस्ती आहे. मोहफुले, तेंदूपाने आणि चराई यांवर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. वनहक्क कायदा २००६ अभयारण्यातही लागू आहे. संकटग्रस्त वन्यजीव अधिवासासाठी पुनर्वसन करायचे झाल्यास ग्रामसभेची पूर्वसूचित संमती त्यात बंधनकारक केली आहे. जंगल राखायचे तर गावाला विश्वासात घ्यावेच लागते.

लातूरचा धडा
एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. या शहराची मुख्य भिस्त मांजरा नदीवरील धनेगाव धरणावर आहे. मांजरा बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. नायगाव मयूर अभयारण्य त्याच तालुक्यात आहे. धरणापर्यंतचे उरलेले पाणलोट मात्र बहुतांशी शेती, गायरान व उघड्या माळाचे आहे.

अशा भागासाठी २००२ च्या दुरुस्तीने दोन पर्याय खुले केले: शासकीय जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र आणि गावाच्या वा खासगी जमिनीवर, मालकांच्या स्वेच्छेने, सामुदायिक राखीव क्षेत्र. केवळ घोषणेने पाऊस वाढणार नाही. पण पडलेला पाऊस डोंगरावर थांबवण्यास मदत होईल. लातूरच्या नळाचा प्रश्न पाटोद्याच्या माळावरही सोडवावा लागेल.