तुतिया : डोळ्यांच्या औषधापासून दिव्यापर्यंत

भुसावळकरांना विजेचे नवल उरलेले नाही. दीपनगरच्या चिमण्या आपल्या नजरेसमोरच्या आहेत. तेथे १९७९ व १९८२ साली प्रत्येकी २१० मेगावॅटचे कोळशावरील संच सुरू झाले. पुढे २०१३ साली धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. कोळसा ते ऊन हा प्रवास खानदेशाने एका पिढीत पाहिला. पण उजेड देणे आणि ऊन पकडणे या दोन्ही कामांसाठी शास्त्रज्ञ आज जी एक पांढरी भुकटी हाताळीत आहेत, ती आपल्या पूर्वजांच्या परिचयाची होती. तिचे आजचे नाव झिंक ऑक्साईड. जुने नाव तुतिया.

अरबी-फारसी वैद्यकात तुतिया हे डोळ्यांचे औषध. इब्न सीनाच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात इराणातून गेलेल्या मार्को पोलोने ते कसे करतात हेही लिहून ठेवले : भट्टीत विशिष्ट माती टाकायची, वर लोखंडी जाळी ठेवायची; धूर जाळीला चिकटतो, तोच तुतिया. (आपल्याकडे मोरचुदाला निळा तुतिया म्हणतात. तो तांब्याचा क्षार व विषारी आहे. नावावरून कोणी फसू नये.)

येथे एक मौज आहे. भुकटी जगाला ठाऊक होती, पण तिच्यातील धातू हाती लागत नव्हता. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. भट्टीत ते मोकळे होताच त्याची वाफ होते आणि हवा लागताच पुन्हा भुकटी. मेवाडातील जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. बंद मुशी उलट्या ठेवून त्यांनी वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली आणि शतकानुशतके जस्त काढले. अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त नोंदवतो की काहींच्या मते जस्त म्हणजे रूह-ए-तुतिया, तुतियाचा आत्मा, आणि जुन्या ग्रंथांत त्याचे नाव सापडत नाही.

या भुकटीवर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले, तर ती ते शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकते. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेही ती उजळते. १९७० नंतरच्या कित्येक कॅल्क्युलेटरांवरील हिरवट निळे आकडे तिच्यामुळेच दिसत. कण काही नॅनोमीटरइतके लहान केले (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश) की केवळ आकारमानाने उजेडाचा रंग बदलतो. पुणे विद्यापीठात शैलजा महामुनी व सहकाऱ्यांनी असे कण विद्युत-रासायनिक रीतीने वाढवले व १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० साली जळगावचे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्या मुलामुलींच्या पदव्यांवर याच पुणे विद्यापीठाचे नाव असे.

सिलिकॉनच्या सौर पट्टीला अतिनील किरणांचा फारसा उपयोग करता येत नाही. वर या कणांचा पातळ थर दिला, तर ते किरण पट्टीला मानवेल अशा उजेडात बदलतात. दिव्यांतही दुर्मिळ धातूंऐवजी हे स्वस्त कण वापरता येतील काय, हे तपासले जात आहे. अडचण कणांच्या पृष्ठभागाची आहे. जस्ताचे ॲसिटेट अल्कोहोलात विरघळवून त्यात अल्कली घातली की तयार झालेले द्रावण अतिनील दिव्याखाली सुरेख चमकते. मात्र कणांवर संरक्षक वेष्टन नसेल तर ते वाढत जातात, रंग पिवळ्याकडे झुकतो आणि अखेर सारे गोळा होऊन तळाशी पांढरा साका बसतो.