मोडलं एकीकडे, कारण दुसरीकडे : मागच्या डिफरन्शिअलचा इतिहास कसा वाचायचा?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिला मोह कुठला होतो? 'पहिला कोण' हे शोधायचा. पहिला छापखाना कोणाचा, पहिली गिरणी कोणाची. माझंही तेच झालं. माझा विषय आहे चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांमधल्या मागच्या डिफरन्शिअलचा बिघाड आणि दुरुस्ती. पण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये 'दुरुस्ती' हा शब्द थेट शेवटच्या पानावर होता. बाकी सगळं 'डिफरन्शिअल कोणी शोधला' यावर. गाईड मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "शोध लागल्यावर पुढे काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचा लेख त्या प्रश्नावर आहे, आणि ते उत्तर शोधताना मी केलेल्या एका मोठ्या चुकीवरही.

आधी वस्तू समजून घेऊ

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक चाक घसटत जाणार, टायर झिजणार, दांड्यावर पीळ बसणार. डिफरन्शिअल हा त्यावरचा तोडगा. इंजिनाकडून आलेला शाफ्ट एका छोट्या पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं, आणि क्राऊनच्या पोटातली छोटी दातेरी चाकं दोन्ही बाजूंना ताकद वाटून देतात. गाडी सरळ जात असेल तर ही छोटी चाकं स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत. वळण आलं की फिरतात आणि दोन चाकांच्या वेगातला फरक पोटात घेतात.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. ती अधूनमधून फिरण्यासाठी केलेली असतात. पुढे हीच गोष्ट कामाला येणार आहे.

'पहिला कोण' या प्रश्नाची अडचण

पुस्तकं उघडली की यादी लगेच मिळते. तिसऱ्या शतकातल्या चीनमधला दक्षिण दाखवणारा रथ. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट घेणारा ओनेसिफोर पेक्योर. १८३२ मध्ये इंग्लंडचा रिचर्ड रॉबर्ट्स. १८७० च्या दशकात कॉव्हेंट्रीमध्ये तीनचाकी सायकलीला डिफरन्शिअल बसवणारा जेम्स स्टार्ली.

आता जरा थांबा. चिनी रथाचा एकही जुना नमुना आज उरलेला नाही. त्यात डिफरन्शिअल असावा ही मांडणी जॉर्ज लँचेस्टर या इंग्रज मोटार-अभियंत्याने १९४७ मध्ये केली. सोंग काळातल्या वर्णनात जी रचना येते ती वेगळी आहे : वळणानुसार गिअर एकमेकांत गुंतवायचे आणि सोडवायचे. म्हणजे विसाव्या शतकातल्या मोटारवाल्याला जुन्या रथात मोटारच दिसली! ही त्याची थट्टा नाही. आपण सगळेच आपल्या काळाचा चष्मा घालून जुन्या वस्तूकडे पाहतो. फक्त चष्मा घातलाय हे माहीत असावं.

आणि समजा, पहिला कोण ते ठरलं, तरी मॅडमचा प्रश्न तसाच राहतो. पुढे काय झालं?

पुढे बिघाडाची जागा बदलत गेली

मी मग यादी उलटी मांडली. कोणी शोधलं याऐवजी काय मोडत होतं, असं विचारत गेलो.

डिफरन्शिअल नव्हता तेव्हा टायर आणि दांडा सोसत होते. डिफरन्शिअल आला आणि नवीन अडचण आली : एक चाक चिखलात गेलं की ते नुसतं गरगर फिरणार आणि गाडी जागची हलणार नाही, कारण साधा डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. चिखलातल्या चाकाला जोर लागतच नसेल, तर कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच मिळणार.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर वापरात आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसतं, त्यामुळे शाफ्ट खाली जातो आणि गाडीची बैठक ठेंगणी करता येते. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतातही. साधं तेल त्या दाबाला टिकत नाही. म्हणून खास रसायनं घातलेलं तेल आलं, आणि 'चुकीचं तेल' हे मोडण्याचं एक नवीनच कारण जन्माला आलं.

मग दुसऱ्या महायुद्धातली जीप. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. हीच विलीज जीप १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवायला सुरुवात केली, म्हणून आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा हात या गाडीवर बसलेला असतो. जीपमध्ये पुढे एक डिफरन्शिअल, मागे एक. पण दोघांच्या मध्ये काहीच नाही. चारही चाकांची ओढ लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. चिखलात चालतं, कारण चाकं घसरून हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो मिटत नाही. सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरच्या दातांत साठत जातो. म्हणूनच कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढची ओढ सोडवा, अशी सूचना जीपच्या डॅशबोर्डवरच्या पट्टीवर लिहिलेली असे.

माझ्या मते ही छोटीशी पट्टी फार महत्त्वाचं साधन आहे. यंत्राची एक मर्यादा यंत्रात न सोडवता ड्रायव्हरच्या डोक्यावर सोपवली होती, याचा तो लेखी पुरावा आहे.

पुढच्या पिढीने ही जबाबदारी ड्रायव्हरकडून काढून घेतली. १९६६ च्या जेन्सन एफएफ या इंग्लिश मोटारीत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्येही डिफरन्शिअल आला. अमेरिकेत एएमसी ईगलने १९८० च्या मॉडेलला सिलिकॉन द्रव भरलेलं व्हिस्कस कपलिंग दिलं. १९९८ पासून हाल्डेक्स या स्वीडिश कंपनीचं इलेक्ट्रॉनिक कपलिंग फोल्क्सवागेन गोल्फसारख्या मोटारींत आलं. डॅशबोर्डवरची सूचना गेली. ड्रायव्हरने काही करायची गरजच उरली नाही.

आणि इथेच मी फसलो.

माझी चूक

कोल्हापूरकडच्या एका गॅरेजात मला जुनी वही बघायला मिळाली. वीसेक वर्षांच्या नोंदी. त्यात व्हिस्कस कपलिंगवाल्या एका छोट्या एसयूव्हीच्या नावापुढे पुन्हा पुन्हा तेच : 'मागचा डिफरन्शिअल गेला'. मी खूश! नोंदी मोजल्या, तक्ता केला आणि विभागातल्या सेमिनारमध्ये ठासून सांगितलं की या गाडीचा मागचा डिफरन्शिअल मुळातच कमकुवत होता. टाळ्याही मिळाल्या.

तोच तक्ता गॅरेजच्या मामांना दाखवायला नेला. वही त्यांचीच. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, "बाळा, हे मोजलंस ते बरोबरच हाय. पण टायरचं पान का न्हाई बघितलंस?"

टायरच्या नोंदी वहीच्या मागच्या बाजूला होत्या. मी त्या सोडून दिल्या होत्या, कारण माझा विषय टायर नव्हता! बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत तिथे एक नोंद होती : काही महिन्यांपूर्वी दोनच टायर बदललेले. चार नाही, दोन.

ढोबळ हिशेब करून बघा. नवीन टायरची नक्षी ८ मिलिमीटर, जुन्याची झिजून ३ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक. नवीन चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटर धरली तर ते एका किलोमीटरला सुमारे ४८२ वेळा फिरतं. झिजलेलं सुमारे ४९०. किलोमीटरमागे सात-साडेसात फेऱ्यांचा फरक. कोल्हापूर ते पुणे असा प्रवास केला तर दीड हजारांहून जास्त फेऱ्या.

या फेऱ्या जाणार कुठे? जुळे टायर पुढे आणि झिजलेले मागे असतील, तर सगळा फरक मधल्या कपलिंगवर येतो. ते सतत तापतं, आतला द्रव हळूहळू खराब होतो आणि कपलिंग आखडतं. ते आखडलं की गाडी पुन्हा जुनी जीप झाली : कोरड्या रस्त्यावर दोन्ही शाफ्ट बांधलेले, आणि पीळ मागच्या क्राऊन-पिनियनवर. मागच्याच दोन चाकांपैकी एकाला नवीन टायर घातला असेल तर पोटातली छोटी चाकं सरळ रस्त्यावरही थांबत नाहीत. अधूनमधून फिरायला केलेली वस्तू दिवसभर फिरत राहते.

मोडतो डिफरन्शिअल. कारण असतं टायरच्या दुकानात. ज्याने नुसता डिफरन्शिअल बदलला, त्याची गाडी पुन्हा आली, आणि वहीत 'मागचा डिफरन्शिअल गेला' अशी आणखी एक नोंद पडली. मी तीही मोजली होती! म्हणजे मी भागाचा कमकुवतपणा मोजतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात अर्धवट दुरुस्त्या मोजत होतो.

मोडलेला भाग हासुद्धा दस्तऐवज आहे

त्यानंतर मामांनी मला मोडके भाग वाचायला शिकवले. "दात काय बोलतोय ते आधी बघ की," हे त्यांचं पालुपद. ते थोडक्यात सांगतो, कारण दस्तऐवजाची चिकित्सा आपण कागदावरच शिकतो आणि वस्तू समोर आली की गांगरतो.

तेल सोडायच्या बोल्टला चुंबक असतं. त्यावर बारीक काळपट लेप दिसला तर ती रोजची झीज. कण किंवा तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग सुटायला लागलंय. दात निळसर-काळे पडले असतील तर ते जास्त तापलेत : तेल कमी होतं, चुकीचं होतं किंवा ओझं फार होतं. दात स्वच्छ तुटला असेल तर एकदम झटका बसलाय. पृष्ठभागावर खळगे पडले असतील तर दुखणं जुनं आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जोडीचा नंबर. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात, म्हणून दोन्हींवर सहसा एकच नंबर कोरलेला असतो. नंबर वेगळे दिसले तर समजायचं की आधी कोणीतरी दोन गाड्यांचे भाग एकत्र बसवलेत. आपल्या भाषेत, हस्तलिखितात दुसऱ्याच पोथीचं पान शिवलंय! अशी जोडी बसवताना शिम घालून पिनियनची खोली जुळवली, दातांमधला प्ले डायल गेजवर मोजला आणि दातांना रंग लावून टेकण्याचा ठसा पाहिला, तरी ती मूळ जोडीसारखी बसत नाही. घों-घों आवाज राहतोच.

हे सगळं का सांगतोय?

कारण वेळ कमी आहे. शिम, गेज आणि रंगाचा ठसा घेऊन बसणारे हात कमी होत चाललेत. पूर्ण युनिटच बदलायचं, जुनं भंगारात द्यायचं, हे मजुरीच्या हिशेबाने परवडतं. पण ते युनिट भंगारात जातं तेव्हा त्यावरचा पुरावाही वितळतो, आणि तो वाचता येणारा माणूस निवृत्त झाला की वही नुसती 'डिफरन्शिअल गेला' एवढंच म्हणत राहते. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड'मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि देखभालीच्या बाजूने लिहायला हवा, असं मांडलंय. ज्युलियन ऑर यांनी १९९६ च्या 'टॉकिंग अबाउट मशीन्स'मध्ये झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं ज्ञान त्यांच्या आपसातल्या गोष्टींमध्ये कसं साठतं ते दाखवलंय. दोन्ही पुस्तकं मी आधी वाचली होती. साहित्याच्या आढाव्यात त्यांची नावंही होती. तरी टायरचं पान मी उलटलं नव्हतं.

म्हणून तुमचा विषय शेतीचा असो, शिक्षणाचा असो की गिरणगावाचा, सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. नोंद कोणी केली आणि त्याला नोंद कशासाठी हवी होती? जिथे मोडलं असं लिहिलंय, तिथेच कारण होतं का? आणि माझा विषय नाही म्हणून मी कुठलं पान सोडून देतोय?

सेमिनारमधला तो तक्ता मी प्रबंधातून काढलेला नाही. तो पहिल्या प्रकरणात तसाच ठेवलाय, आणि पुढच्याच पानावर टायरच्या नोंदी. मॅडम म्हणाल्या, "आता कळतंय, पुढे काय झालं ते."