सैनिक आणि मुलकी कर्मचारी यांच्या खर्चाची तुलना : अमेरिकेचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना :
एखादे काम सैनिकाकडे सोपवावे की मुलकी कर्मचाऱ्याकडे, हा प्रश्न वरवर पाहता वेतनाच्या तुलनेने सुटणारा वाटतो. परंतु सैनिकाच्या खर्चाचा मोठा भाग वेतनपत्रकाबाहेर असतो, हे अमेरिकेच्या अनुभवावरून स्पष्ट होते.

सक्तीची भरती :
सक्तीच्या भरतीच्या काळात नव्या सैनिकास बाजारातील मजुरीपेक्षा कमी वेतन मिळे. साहजिकच अंदाजपत्रकात सैनिक स्वस्त दिसे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९६९ मध्ये थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन त्याचे सदस्य होते. सैनिकास नाकारलेले वेतन हा त्याच्यावर लादलेला अप्रत्यक्ष करच होय, असे प्रतिपादन आयोगाने १९७० च्या अहवालात केले. खर्च टळत नव्हता. तो तरुणांच्या माथी मारला जात होता. १९७१ च्या कायद्याने नवसैनिकांचे मूळ वेतन सुमारे दुप्पट झाले व १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली.

निवृत्तिवेतन व सवलती :
वीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा भार १९८४ पर्यंत ज्या त्या वर्षाच्या अंदाजपत्रकावर पडे. सेवेत असलेल्या सैनिकाचे भावी निवृत्तिवेतन त्याच्या खर्चात धरले जात नसे. आर्थिक वर्ष १९८५ पासून त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र निधीत रक्कम जमा होऊ लागली. तथापि निवास व भोजन भत्त्यांवरील करमाफीचा भार महसुलावर, तर माजी सैनिकांच्या अनेक सुविधांचा भार दुसऱ्या खात्यावर राहिला. संरक्षण खात्याने २०१० मध्ये व पुन्हा २०१३ मध्ये संपूर्ण खर्चाच्या तुलनेचे नियम घालून दिले, ते याच कारणाने.

तुलनेची मर्यादा :
अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २०१५ मध्ये ८०,००० साहाय्यक सैनिकी पदांचा विचार केला. ती पदे मुलकी केल्यास कालांतराने वर्षाला ३.१ ते ५.७ अब्ज डॉलरची बचत संभवते, असा त्याचा अंदाज होता. मात्र त्यासाठी सैन्याची एकूण संख्याही तेवढी घटविणे आवश्यक होते. अन्यथा मुलकी वेतनाची भरच पडली असती. शिवाय सैनिकास युद्धभूमीवर पाठविता येते. हे मूल्य कोणत्याही वेतनतुलनेत उतरत नाही.

निष्कर्ष :
सैनिक महाग की स्वस्त, याचे उत्तर हिशेबाची मर्यादा कोठे आखली यावर ठरते. म्हणून अशा तुलनेत रकमेइतकाच, ती रक्कम कोण व केव्हा भरतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.